सतरावी मात्रा

मात्रा मोजायला मला अजूनही पेन्सिल लागते. लघू अक्षराच्या डोक्यावर छोटी चंद्रकोर, गुरूच्या डोक्यावर आडवी रेघ, ओळीच्या शेवटी बेरीज. कॉलेजात मराठी शिकवत होतो तेव्हा मुलं म्हणायची, सर, कान लावला की कळतं ना, मोजायचं कशाला? खरं होतं त्यांचं. पण कानाला मत असतं, पेन्सिलीला नसतं, एवढंच मी त्यांना सांगत असे. ते वाक्य वर्षानुवर्षं वर्गात म्हटलं आणि गेल्या हिवाळ्यात स्वतः शिकलो.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या गच्चीवर सकाळी दहानंतर ऊन येतं. पत्नी गेल्यापासून मी तिथेच बसतो. तिला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. वर्षश्राद्ध झालं, येणारे येऊन गेले, तिचं कपाट तिच्या धाकट्या बहिणीने आवरून नेलं. दुकानाच्या कागदात गुंडाळलेली एक महेश्वरी साडी तेवढी मी मागे ठेवून घेतली. ती तिने नेसलीच नव्हती. घेतली आणि पुढच्याच आठवड्यात दवाखाना सुरू झाला. ती का ठेवली ते मला सांगता आलं नसतं, आणि मेहुणीने विचारलंही नाही.

दिवस वाईट जात होते असं मात्र नाही. सकाळी पोहे मीच करतो, वर शेव घालतो, थोडं वाचतो, थोडं झोपतो. दुःख घरात आहे, पण ते आता घरातल्या माणसासारखं वागतं, पाहुण्यासारखं नाही.

आमच्या कॉलनीच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठी मंडळी जमतात. हे सगळं चालवणारी मुलगी नाशिककडची, शहराबाहेर सिमरोलच्या इंजिनिअरिंग संस्थेत नोकरी करते आणि तिथून एवढ्या लांब येऊन सतरंज्याही स्वतः घालते. तिचा फोन आला.

"सर, या वेळी विषय युद्धकविता आहे. तुम्ही एक कविता घेऊन तिचं रूप समजावून सांगा ना. वृत्त, अलंकार, सगळं. आमच्या पिढीला 'छान आहे' यापुढे काही बोलताच येत नाही."

"कुठली घेऊ?"

"तुम्हाला आवडेल ती. फक्त जरा लहान असू दे, सर. लोकांना पाच वाजता चहा लागतो."

मला आवडेल ती युद्धकविता म्हटल्यावर जी पहिली आठवली, ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती शब्दकोशात होती, म्हणजे शब्दकोशाच्या पानांत घडी करून ठेवलेल्या एका वहीच्या कागदावर. पत्नीने लिहिलेली. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी तिने ती मला दाखवली होती. तिच्या हातची तेवढी एकच कविता माझ्याकडे आहे. बाकी तिचं अक्षर आहे ते डब्यांवरच्या चिकटपट्ट्यांवर.

ती इथलीच. तिच्या घराण्यातले पुरुष कधीकाळी दरबारच्या फौजेत होते, पुढे कुणी शाळेत, कुणी पोस्टात गेले. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला. तिचं शिक्षण सगळं हिंदीत आणि मराठी घरातलं, चुलीजवळचं. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा तिने माझ्या आईला मोठ्या अदबीने सांगितलं, "माझी सगळी शिक्षा इंदूरलाच झाली." आई घाबरून म्हणाली, "अगं बाई, कशाबद्दल?" हा किस्सा आमच्या घरात इतक्यांदा सांगितला गेला की पुढे पुढे तीच तो सगळ्यांत रंगवून सांगायची. मी मात्र तिच्या बोलण्यातले हिंदी शब्द वेचत राहिलो. भातातले खडे वेचावेत तसे. ते माझं कामच होतं, असं मला वाटायचं.

कविता तिच्या आत्यावर होती. आत्याचे यजमान सैन्यात होते आणि एका लढाईतून परत आले नाहीत. त्यांची ट्रंक आली. पत्नी तेव्हा लहान होती, पण ती ट्रंक उघडताना ती तिथे होती. एवढं तिने मला सांगितलं होतं. ट्रंकेत काय काय होतं ते मी तिला कधी विचारलं नाही. ते कवितेत होतं, मला वाटलं पुरे.

तर त्या सकाळी गच्चीवर मी तो कागद उघडला. निळ्या शाईत तिच्या आठ ओळी, त्यावर माझ्या लाल दुरुस्त्या. दुरुस्त्यांसह वाचायचं, ही शिक्षकाची सवय. मी कोऱ्या कागदावर ती तशीच उतरवली आणि पेन्सिल घेतली.

पहिल्या चार ओळींना लाल शाई लागलेली नव्हती:

आली ट्रंक नि आली चिठ्ठी,
कुलूप साधे, दोरी मोठी.
फणी, वस्तरा, पितळी पेला,
वास घराचा उडून गेला.

ओळीत सोळा मात्रा, आठांवर थांबा, पुन्हा आठ. पादाकुलक. बालकवितेला, आरतीला, कशालाही चालणारं साधं वृत्त. युद्धाला सहसा कुणी ते घेत नाही. युद्धाला लोक दौडणारी वृत्तं घेतात, टापांसारखी. हिने सोळा मात्रांची संथ चाल घेतली, कारण या कवितेत कुणी दौडत नाही. एक पेटी उघडली जाते आणि एकेक वस्तू बाहेर काढली जाते. आठ मात्रा, हात आत. आठ मात्रा, हात बाहेर. 'चिठ्ठी'ला 'मोठी' हे यमक जरा ओढून आणलेलं, ते मी तसंच नोंदवलं. पण तिसऱ्या ओळीत 'पितळी पेला' या दोन 'प'कारांवर ओठ दोनदा मिटतात, आणि लगेच पुढच्या ओळीत वास उडून जातो. अनुप्रास करायचा म्हणून केलेला नाही हा. जे शब्द होते ते ठेवले आणि तो होऊन गेला.

या चार ओळींत शस्त्र नाही, रक्त नाही, देश नाही. 'मी'सुद्धा नाही. हे सगळं लिहून काढताना मला फार बरं वाटत होतं. आपल्या माणसाच्या ओळीवर अशी पेन्सिल फिरवणं म्हणजे तिच्याशेजारी न बोलता बसण्यासारखं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग पाचवी ओळ. दुरुस्त केलेली:

नाही त्याने घड्याळ मोडले,
जसे दिले मी तसेच आले.

पाचवीत सतरा मात्रा झाल्या. पुन्हा मोजल्या. 'घड्याळ'मधला 'घ' जोडाक्षराच्या आधी असला तरी 'ड्या'चा आघात त्याच्यावर येत नाही, म्हणून तो लघूच. तरी बेरीज सतरा. पुढची सोळा. म्हणजे आठ ओळींत एकच ओळ लंगडी. मनात पहिलं काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो: इथे बिचारीचा तोल गेला.

मग शेवटच्या दोन:

तेवढेच मी अजुन ठेवले,
बाकी सगळी लढाइ झाली.

आणि समासात, माझ्या तरुण, टोकदार अक्षरात: 'यमक जमले नाही.'

तिथे पेन्सिल थांबली. कारण जी बाई 'पेला'ला 'गेला' इतक्या सहज जुळवते, 'अजून'मधला ऊ आणि 'लढाई'तली ई मात्रेसाठी मुद्दाम ऱ्हस्व करते, ती शेवटच्या ओळीला यमक सोडून देईल? मी मूळ कागद उन्हासमोर धरला. लाल रेघेखालची निळी शाई दिसत होती.

नाही त्याने घडी मोडली,
जशी दिली मी तशीच आली.
तेवढीच मी अजुन ठेवली,
बाकी सगळी लढाइ झाली.

सोळा, सोळा, सोळा, सोळा. मोडली, आली, ठेवली, झाली. चारही ओळी एकाच 'ली'वर येऊन टेकत होत्या. सतरावी मात्रा माझी होती. मोडलेलं यमकही माझंच, आणि वर समासात तिला शेरा दिलेला. 'घडी' हा हिंदी शब्द म्हणून काढला, तिथे 'घड्याळ' घातलं, मग स्त्रीलिंगाचं नपुंसकलिंग केलं, आणि त्याच्यामागून क्रियापदं एकेक करून बदलत गेलो. व्याकरण नीट झालं आणि कविता बिघडली.

ती दुपार मला आठवत होती. तिने दुरुस्त केलेला कागद हातात घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं. "घड्याळ?" म्हणाली. मग हसली. "बरं. असू दे घड्याळ." मला वाटलं स्वतःच्या चुकीला हसली. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना कधीही घडी म्हणाली नाही. "अहो, तुमच्या घ-ड्या-ळात किती वाजले?" असं तिन्ही अक्षरं सुटी करून विचारायची. माझ्या शिकवण्याचा गुण आला, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.

असो. वृत्त वाचवायचं तर 'घडी' परत घ्यावी लागणार होती. मी ठरवलं, सभेत सांगू की इंदूरच्या मराठीत घड्याळाला घडी म्हणतात, मात्रेसाठी तो शब्द चालवून घ्यावा. अर्थही वाईट नव्हता. माणूस गेला, पण बायकोने दिलेलं घड्याळ त्याने मोडू दिलं नाही. विरोधाभास अलंकार. मी तसं टिपणही केलं.

गुरुवारी मेहुणी आली. दर गुरुवारी येते, हातोदला तिच्या नणंदेचं शेत आहे तिकडची भाजी घेऊन. आल्याआल्या तिने माझा ओटा तपासला, दुधाचं पातेलं पुन्हा घासलं आणि चहा घेऊन गच्चीवर येऊन बसली. माझ्यासमोरचे कागद तिला दिसले.

"काय लिहून राहिले जिजाजी? ताईची कविता? वाचा ना."

मी वाचली. ती चहा खाली ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आत्या तशीच बसली होती, ट्रंकेपाशी. एकदम चूप."

मी तिला पाचव्या ओळीचं सांगितलं. घड्याळ कसं साबूत परत आलं, तो विरोधाभास कसा.

"कौनसी घडी?" ती म्हणाली. "फुफाजींजवळ घडी नव्हतीच. ते तर कोणालाही टाइम विचारायचे, रस्त्यात सायकल थांबवून. आत्या किती चिडवायची त्यांना."

"मग ही कुठली?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात मागच्या बाकाकडे पाहत असे.

"अहो, शर्टाची घडी. आत्याने हाताने शर्ट शिवून पाठवला होता, पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. सुट्टीत येताना घालून या म्हणून. तो तसाच आला ना ट्रंकेत, सगळ्यांत खाली. टाचण्यासुद्धा तशाच. घडीच मोडली नव्हती त्यांनी."

मी पुन्हा पाचव्या ओळीकडे पाहिलं.

"घडी मोडणं, जिजाजी. नवा कपडा पहिल्यांदा अंगात घालणं. तुम्ही मराठीचे प्रोफेसर ना?"

"होतो."

"अरे भिया, कमाल आहे. ताई प्रत्येक नवी साडी आधी मला द्यायची की नाही? जा, घडी मोडून आण, म्हणायची. तुमच्यासमोर म्हणायची. इतक्या घड्या मोडल्या मी तिच्या, आणि तुम्हाला भिंतीवरची घडी दिसून राहिली." ती हसायला लागली, आणि हसताहसता पदराने डोळे पुसले. "आमचं तोंड हिंदी झालं ते खरं. पण कान तर तुमचे झाले."

तिच्या बोलण्यात मी इतकी वर्षं हिंदी ऐकायला बसलो होतो की ती अस्सल मराठी बोलली तेव्हाही मी हिंदीच ऐकली. हा वाक्प्रचार मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? आई म्हणायची, आजी म्हणायची. पण तो बायकांच्या कपाटातला, आणि मी कोशातून शब्द काढणारा.

"तिने मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय माहीत. तुम्ही लाल पेन घेऊन बसले असाल." मग जरा वेळाने, "पण नाराज नव्हती ती. आम्हाला येऊन सांगितलं होतं तिने. म्हणे, ह्यांनी आत्याच्या शर्टाचं घड्याळ करून टाकलं. किती हसलो आम्ही. तेव्हापासून तर ती तुमच्यासमोर घ-ड्या-ळ म्हणायची ना. आमच्याशी तर ती घडीच म्हणायची, शेवटपर्यंत."

तीन अक्षरं सुटी सुटी. मेहुणीने ती अगदी तिच्यासारखी म्हटली. इतकी वर्षं घरात एक विनोद चालू होता आणि मी त्याच्या मधोमध बसून गुण देत होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं, उबदार, आणि मला हसू आलं. ते मेहुणीने पाहिलं आणि दुसरा चहा टाकायला उठली.

पुढचे दोन दिवस मी टिपण नव्याने केलं. आता ओळी आपोआप उलगडत होत्या. 'मी' सहाव्या ओळीत पहिल्यांदा येते, 'जशी दिली मी', आणि देणारी म्हणून येते. रडणारी म्हणून ती कुठेच येत नाही. पेला, वस्तरा, फणी, या सगळ्या वापरलेल्या वस्तू आहेत, त्यांच्यावर लढाई लागलेली आहे. न वापरलेली एकच, तो शर्ट, म्हणून तेवढीच ती ठेवते. त्यातही शर्ट म्हणत नाही, शर्टाचं नाव कवितेत नाहीच. ठेवली ती घडी. जे घडलंच नाही, ते. 'लढाई' हा शब्द अगदी शेवटच्या ओळीत येतो, एकदाच, आणि तिथेही त्याची ई आखडून घेतलेली. एवढ्या मोठ्या गोष्टीला सोळांतल्या चार मात्रा. हे सगळं तिने ठरवून केलं का, मला माहीत नाही. ती विज्ञान शिकवायची. पण बरणीला झाकण बसतं की नाही हे तिला हातानेच कळायचं.

मला आता एकाच गोष्टीची काळजी होती. तिची ही एकच कविता चार लोकांपुढे जाणार होती, ती माझ्या चुकीशिवाय जायला हवी. आणि चूक नुसती पुसून टाकली तर तीही एक लबाडी झाली असती.

शनिवारी मेहुणीला फोन करून म्हटलं, उद्या सभेला ये, आणि आधी घरी ये. ती आली तेव्हा मी कागदातली महेश्वरी तिच्या हातात ठेवली. करड्या रंगाची, जांभळ्या काठाची. तिने ती ओळखली.

"ही ताईची."

"तिनेच तुला दिली असती आधी."

ती काही क्षण कागदावरून हात फिरवत राहिली. मग आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा साडीवर दुकानाच्या घडीच्या रेघा चौकोन चौकोन दिसत होत्या. इस्त्री करू का, तिने विचारलं. मी नको म्हटलं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती. मी फळ्यावर आठ ओळी लिहिल्या, वर चंद्रकोरी आणि रेघा काढल्या. आधी दुरुस्त केलेली पाचवी ओळ लिहून सगळ्यांना मोजायला लावली. एक तरुण इंजिनिअर पटकन म्हणाला, "सर, सतरा. बग आहे यात."

"आहे," मी म्हटलं. "तो मी घातला आहे." आणि मग पुसून घडी लिहिली, आणि कुणाची कविता, कुणाचा लाल पेन, कुठला शर्ट, सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. शर्टापाशी आलो तेव्हा नाशिकच्या मुलीने उगाचच खिडकी उघडली.

इंजिनिअरने विचारलं, "पण सर, घड्याळ हा अर्थ पूर्ण चूक म्हणायचा? म्हणजे श्लेष धरला तर? इथे तर आम्ही सगळेच घडी म्हणतो."

मी विचार केला. "कवितेच्या मनात तो नाही," मी म्हणालो. "पण आमच्या घरात तो बरीच वर्षं होता."

लोक हसले. मागच्या रांगेत मेहुणीही हसली. चहा आला, कचोरी आली, मंडळी गटागटाने बोलू लागली. दोघी-तिघींनी साडीचा काठ हातात घेऊन पाहिला आणि कुठून घेतली विचारलं. "घेतली नाही," ती म्हणाली, "घडी मोडायला मिळाली." त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही.

खाली उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. ती रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभी राहिली. साडीवरच्या रेघा बसण्याउठण्याने अर्ध्या मिटल्या होत्या.

"ही धुऊन आणून देते गुरुवारी," ती म्हणाली.

"आणू नकोस. आता मोडली आहे."

तिने मान हलवली. रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं, रिक्षा दिसत नव्हती. मग माझ्या मनगटाकडे बघून, अगदी गंभीर चेहऱ्याने तिने विचारलं, "जिजाजी, तुमच्या घ-ड्या-ळात किती वाजले?"

"साडेपाच," मी म्हणालो.